मागे इंजिन, पुढे स्टेपनी: नौपाड्यातल्या एका पिवळ्या नॅनोचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत, जुन्या चार मजली इमारतीत राहणाऱ्या ६८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचं हे प्रकरण. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्यांना इथे नुसतं 'बाई' म्हटलं आहे. त्या भूमिती शिकवत. मीही त्यांचा विद्यार्थी. पुढे मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी केली आणि आता ओळखीपाळखीच्या लोकांना जुन्या गाडीचं काय करायचं ते ठरवायला मदत करतो. बाईंच्या मुलाचा फोन आला तो याच कामासाठी.

गाडी पिवळी टाटा नॅनो, एसीचं मधलं मॉडेल, डिसेंबर २०१० मध्ये घेतलेली, नंबर एमएच-०४ चा. ती कोणत्या दिवसांत घेतली गेली हे इथे महत्त्वाचं आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली. पावसात एकाच स्कूटरवर बसून चाललेलं अख्खं कुटुंब बघून रतन टाटांना तिची कल्पना सुचली होती. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा कारखाना गुंडाळून गुजरातेत साणंदला न्यावा लागला. २००९ मध्ये बुकिंग उघडलं तेव्हा दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. मग २०१० मध्ये काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या आणि वारं फिरलं. नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात मिळून फक्त ५०९ नॅनो विकल्या गेल्या. बाईंच्या यजमानांनी गाडी बुक केली ती नेमकी त्याच महिन्यात. शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. ते गाडीखाली वाकून, मागचं झाकण उघडून सगळं पाहून आले होते आणि म्हणाले होते, "जिने जागा वाचवली तिला मी नावं ठेवणार नाही."

२०२५ च्या सुरुवातीला ते गेले. आजारपणापासून गाडी आवारातल्या बदामाच्या झाडाखाली कव्हर घालून उभी होती. बाई स्वतः १९९४ पासून गाडी चालवतात. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत, ऑपरेशन त्यांना तूर्त नको आहे. रोजचं फिरणं म्हणजे जांभळी नाक्यावर भाजी, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, महिन्यातून एखाद वेळा नाटक. रिक्षावाले एवढं जवळचं भाडं घेत नाहीत, हे ठाणेकरांना सांगायला नको.

अडचण

ऑगस्टमध्ये गाडी सुरूच होईना. रस्त्यावर मदत पुरवणाऱ्या सेवेचा एक मुलगा आला. त्याने पुढचं बॉनेट उघडलं तर आत स्टेपनी आणि पेट्रोल भरायचं तोंड. इंजिन नाही, बॅटरीही नाही. "काकू, बॅटरी कुठंय?" बाईंनी ड्रायव्हरची सीट दाखवली. नॅनोत बॅटरी त्या सीटखाली असते. नवी बॅटरी बसली, गाडी सुरू झाली.

त्याच आठवड्यात मुलगा आईला घेऊन कळवा-विटावामार्गे ऐरोलीला निघाला. तो ऐरोलीत राहतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली नेहमीसारखी वाहतूक तुंबली आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. गाडी थंड करून पुढे निघाल्यावर वळणावर मागची बाजू डाव्या अंगाला झोलते आहे असं त्याला वाटलं. सिग्नलला उभं राहिलं की सगळी गाडी थडथडे, इतकी की डॅशबोर्डवरचा गणपती सरकत सरकत कडेला आला. ऐरोलीला पोचल्यावर तो म्हणाला, "आई, ही गाडी आता पुरे."

त्याने तीन जणांना विचारलं. घराजवळचा गॅरेजवाला म्हणाला, इंजिन मागे म्हणजे तापणारच, ही आगीचीच गाडी. टायरवाला म्हणाला, चाकं खेळण्यातल्यासारखी, झोलणारच. ऑफिसातला मित्र म्हणाला, दोन सिलिंडर म्हणजे रिक्षाच ती. तिघांनीही दोष गाडीच्या घडणीला दिला आणि तिघांपैकी एकानेही गाडी उचलून खालून पाहिली नव्हती.

शिवाय कागद होताच. डिसेंबर २०२५ मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे आरसीची, नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत संपणार. एप्रिल २०२२ मध्ये १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. त्यावर पर्यावरण कर आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. तेव्हा हे कशाला करायचं, हा मुलाचा प्रश्न रास्तच होता.

त्याची सर्वांत मोठी हरकत मात्र वेगळी होती आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ च्या सुरुवातीला भारतातल्या काही छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्या जाहीर केल्या, त्यात नॅनोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. बाईंच्या गाडीत एअरबॅग नाही. मुलगा म्हणाला, "मी माझ्या मुलीला यात बसवणार नाही, आणि आईला बसवायचं?"

कोणते पर्याय होते

पहिला, विकणं. दलालाने ३०,००० रुपयांचा भाव सांगितला आणि तोही फोटो बघून.

दुसरा, नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढून प्रमाणपत्र घेणं आणि त्याच्या सवलतीवर नवी गाडी घेणं. मुलाची पसंती याला होती. त्याने आईसाठी ऑटोमॅटिक हॅचबॅकही बघून ठेवली होती.

इथे बाईंनी टेप काढला. त्यांच्या इमारतीत जागा आधीच कमी. बाईंच्या वाट्याला आलेली जागा पंपाच्या खोलीची भिंत आणि फाटकाचा खांब यांच्या मध्ये होती. तिची लांबी त्यांनी माझ्यासमोर मोजली: ३ मीटर ४५ सेंटिमीटर. नॅनो ३.१ मीटरची. वॅगन-आर जवळपास ३.६६ मीटर, अल्टो के-१० सुद्धा ३.५३. बाईंनी वहीत आकडे एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि वही मुलाकडे सरकवली. बोलल्या काहीच नाहीत.

तिसरा पर्याय सुनेने सुचवला आणि तो मला मनापासून आवडला होता: एमजी कॉमेट. २०२३ मध्ये आलेली विजेवरची गाडी, लांबी तीन मीटरहून किंचित कमी, दारं दोनच. तिलाही लोक खेळणंच म्हणतात. जागेत बसली असती. पण इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, वर्ष-दोन वर्षांत भाड्याच्या घरात जावं लागेल, आणि आजच्या आवारात चार्जरसाठी स्वतंत्र मीटरला कमिटी तयार नव्हती. खर्चही आवाक्याबाहेर. तो पर्याय नव्या इमारतीत राहायला गेल्यावर पुन्हा बघायचा ठरला.

चौथा, गाडी सोडून देणं आणि रिक्षा-टॅक्सीवर राहणं. याला बाईंनी एका शब्दात नकार दिला.

पाचवा, गाडी नीट तपासणं, दुरुस्त करणं आणि पासिंग करून घेणं.

मी पाचव्याच्या बाजूचा होतो आणि ते लपवलं नाही. माझं म्हणणं इतकंच होतं की गाडीत जे विचित्र दिसतं ते कशासाठी तसं केलं आहे, हे आधी समजून घ्यावं. मग दोष घडणीचा आहे, वयाचा आहे की आपण केलेल्या हयगयीचा, ते ठरेल. फोनवर मिळालेल्या तिन्ही मतांत हे तिन्ही एकत्र कालवलेलं होतं.

विचित्रपणा कशासाठी

हा भाग मी मुलाला त्यांच्या स्वयंपाकघरात बसून समजावला. थोडा लांबला, पण निर्णय इथेच फिरला.

इंजिन मागे का? कारण पुढे इंजिन ठेवलं की गाडीचं नाक लांबतं आणि माणसांची जागा कमी होते. नॅनोचं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटच्या पाठीमागे, खालच्या बाजूला बसवलं आहे, त्यामुळे चाकांच्या मधली जवळपास सगळी लांबी माणसांना मिळते. मारुती ८०० पेक्षा बाहेरून सुमारे ८ टक्के लहान आणि आतून सुमारे २१ टक्के मोठी, असा कंपनीचा दावा होता. सहा फुटी माणूस मागे बसवून बघा, दावा पटतो. पुढे वजन नसल्याने आणि पुढचे टायर अरुंद असल्याने पॉवर स्टिअरिंग नसूनही चाक हलकं फिरतं. बाईंच्या मनगटांसाठी ही साधी गोष्ट नाही. गाडीला वळायला चार मीटरची त्रिज्या लागते. नेहमीच्या हॅचबॅकला पावणेपाचच्या आसपास लागते. एका बाजूला स्कूटर लावलेल्या नौपाड्याच्या गल्लीत हा पाऊण मीटर म्हणजे एकदा मागे घेऊन सुटणं आणि चारदा पुढेमागे करत हॉर्न ऐकणं, यांतला फरक.

उंची का? सुमारे १.६५ मीटर उंच आणि दीड मीटर रुंद, त्यामुळे गाडी उभ्या डब्यासारखी दिसते. पण बाई आत कशा बसतात ते मी पाहिलं. दार उघडलं, पाठ सीटकडे केली, टेकल्या आणि दोन्ही पाय एकदम आत फिरवले. गुडघा वाकला तो खुर्चीवर बसताना वाकतो तेवढाच. मुलाच्या सेडानमध्ये बसताना त्यांना दाराच्या वरच्या पट्टीला धरून खाली उतरावं लागतं आणि बाहेर येताना कोणीतरी हात द्यावा लागतो.

१९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आली तेव्हा तिच्या उंच डोक्याला लोकांनी असंच नाक मुरडलं होतं. पुढे उंच छपराच्या छोट्या गाड्या देशभर खपल्या. त्याच्याही आधी, पन्नासच्या दशकातल्या गोलमटोल नाकाच्या फियाट ११०० ला मुंबईने 'डुक्कर फियाट' असं नाव दिलं. आज ती कोणाकडे असेल तर लोक थांबून फोटो काढतात. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये सिट्रोएनची २सीव्ही दाखवली तेव्हाही पत्रकारांनी चेष्टा केली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली घेऊन गेली तरी अंडं फुटू नये, ही तिच्या आरेखनाची अट होती. ती १९९० पर्यंत बनत राहिली. १९५७ च्या फियाट ५०० मध्येही इंजिन मागे आणि सिलिंडर दोनच होते, ते फक्त ४७९ सीसीचं. तिला सगळं जग गोंडस म्हणतं. तीच मांडणी आपल्याकडे पुण्याच्या अभियंत्यांनी केली की ती रिक्षा होते. याचं मला वाईट वाटतं आणि मी ते मुलाला स्पष्ट सांगितलं.

चाकाला तीनच नट, काचेला एकच वायपर, २०१० च्या गाडीत न उघडणारी डिकी, हे सगळं किंमत आणि वजन कमी ठेवण्यासाठी होतं. छोट्या, हलक्या चाकाला तीन नट पुरतात. डिकीची बचत मात्र मला तेव्हाही चुकीची वाटली होती. मागची सीट पाडून सामान ठेवायचं हे भाजीच्या पिशव्यांना चालतं, बॅगांना नाही. कंपनीलाही ते पटलं असावं, कारण २०१५ च्या मॉडेलला उघडणारी डिकी आली. आणि 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का ही सगळ्यात महागात पडलेली चूक, हे टाटांनी स्वतःही मान्य केलं होतं. स्वस्त माणूस म्हणवून घ्यायला कोणाला आवडतं?

काय केलं

मग गाडी लिफ्टवर घेतली. वागळे इस्टेटमध्ये एक जुना फोरमन आहे, या गाड्या त्याने सुरुवातीपासून हाताळलेल्या. तीन तक्रारी आम्ही तीन दिवस एकेक करून तपासल्या.

पहिली झोलण्याची. फोरमनने मागचं डावं चाक बघितलं, हाताची वीत लावली आणि मला म्हणाला, "साहेब, हे इथलं नाही." नॅनोत पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागचे १५५ चे असतात. वजन मागे आहे, म्हणून मागची पकड जास्त ठेवलेली आहे. या गाडीची स्टेपनी पुढच्या मापाची होती. दोनेक वर्षांपूर्वी मागचं चाक पंक्चर झालं, कोणीतरी स्टेपनी लावली, पंक्चर काढलेला रुंद टायर बॉनेटखाली कोंबून ठेवला आणि ते तसंच राहिलं. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद टायर घेऊन गाडी चालत होती. मागची बाजू डावीकडे झोलणार नाही तर काय करेल? सगळी चाकं सारखीच असतात, या समजुतीने केलेली ही 'दुरुस्ती'. टायर वयाने कडक झाले होतेच, म्हणून पाचही नवे घेतले आणि जागच्या जागी बसवले.

दुसरी तापण्याची. मागच्या चाकांच्या थोडं आधी दोन्ही बाजूंना हवा आत घेणाऱ्या जाळ्या आहेत, लोक त्यांना शोभेच्या समजतात. इंजिन मागे असल्याने त्याला हवा तिथूनच मिळते. कव्हर काढून टॉर्च मारला तर आत बदामाची सुकी पानं, कागदाचा चोथा, थर्माकोलचे तुकडे. उंदराने सहा महिन्यांत संसार थाटला होता. एका वायरचं आवरणही कुरतडलेलं होतं, आणि ते बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला. आगीची भीती ज्याला वाटत होती त्याला ते तसंच दाखवणं मला योग्य वाटलं. मुलाला बोलावलं, त्याच्या हातात टॉर्च दिला. कचरा काढला, वायर बदलली, कूलंट आणि थर्मोस्टॅट नवे घातले. नंतर एसी लावून पाऊण तास जागेवर इंजिन चालू ठेवलं. लाल दिवा लागला नाही.

तिसरी थडथड. इथे माझं चुकलं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांमध्ये चार वेळा जोर लागतो, दोन सिलिंडरमध्ये दोनच वेळा, त्यामुळे थोडी थरथर राहणारच. ती कमी करायला आत बॅलन्सर शाफ्ट दिलेला आहे. ही थरथर इंजिन नीट पेटत नसल्याने वाढली आहे असं मी गृहीत धरलं आणि प्लग, हवेचा फिल्टर, थ्रॉटल सफाई असं सगळं करून घेतलं. फरक पडला नाही. साडेतीन हजार रुपये गेले. मग फोरमनने इंजिनाखाली पहार लावून हलकेच उचललं आणि दाखवलं: इंजिन ज्यावर टेकलेलं असतं त्या माउंटिंगचं एक रबर फाटून धातूला धातू लागत होता. रबर बदललं. आता सिग्नलला गणपती जागचा हलत नाही. इंजिनाचा आवाज मात्र दोन सिलिंडरचाच आहे आणि तसाच राहील.

त्याशिवाय ब्रेक उघडून पाहिले, चारही ड्रम साफ केले, मागचे ब्रेक शू बदलले, खालचा गंज खरवडून रंग मारला. सगळं मिळून, टायर धरून, साडेबावीस हजारांच्या आसपास खर्च आला.

राहिला सुरक्षेचा प्रश्न. यावर मी गाडीची वकिली केली नाही. शून्य तारे म्हणजे शून्य तारे. बाई, मुलगा आणि मी बसून गाडी प्रत्यक्षात कुठे आणि किती वेगाने जाते ते लिहून काढलं. जांभळी नाका, फिजिओ, गडकरी रंगायतन, बँक: सगळं तीन किलोमीटरच्या आत, आणि त्या रस्त्यांवर ताशी ३०-३५ च्या वर कोणी जाऊ शकत नाही. धोका तिथेही आहे, पण घोडबंदर रोडवर किंवा ईस्टर्न एक्स्प्रेसवर तो फार वाढतो. तेव्हा ठरलं की गाडी या दोन रस्त्यांवर न्यायची नाही आणि ऐरोलीला मुलगा स्वतःच्या गाडीने आईला नेणार. नात नॅनोत बसणार नाही. बाईंना हे शेवटचं लागलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "तिचा बाप आहेस तू. तू ठरव." आणि स्वतः वहीत चौथ्या ओळीवर तो नियम लिहिला.

मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, म्हणून ऑक्टोबरअखेर ऑनलाइन अर्ज भरला. नमुना २५, विमा, पीयूसी, फी, पर्यावरण कराची पावती. नवी नंबरप्लेट आधीच बसवून घेतली होती. ठरल्या दिवशी गाडी तपासणीला नेली. चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला, दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक पाहिले. निरीक्षकांनी सवयीने बॉनेट उघडायला सांगितलं, स्टेपनी बघितली आणि स्वतःच मागे चालत गेले.

निष्पत्ती

आरसी पाच वर्षांसाठी वाढली, डिसेंबर २०३० पर्यंत. बाई आठवड्यातून चार दिवस गाडी काढतात. पहिल्या दोन महिन्यांत एकदाच तक्रार आली, ती दाराच्या रबराची. कव्हर घालणं बंद केलं, कारण जाळ्या झाकल्या जातात आणि उंदरांना आडोसा मिळतो. पार्किंगची जागा बदामाखालून दोन फूट बाजूला सरकवता आली.

मुलाचं मत पूर्ण बदललं असं मी म्हणणार नाही. त्याला ही गाडी आजही आवडत नाही. पण 'आगीची गाडी' हा शब्द त्याने सोडला. नोव्हेंबरात त्याचा एक सहकारी जुनी नॅनो घ्यावी का असं विचारत होता, तेव्हा त्यानेच माझा नंबर दिला आणि आधी मागच्या टायरचं माप बघायला सांगितलं.

जमेच्या बाजूला एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. यजमान गेल्यावर बाई जवळपास सहा महिने एकट्याने घराबाहेर पडल्या नव्हत्या. फिजिओच्या दोन खेपा ठरल्या वेळी होऊ लागल्या आणि परतताना तलावपाळीला एक फेरी.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट माझीच. थडथडीवर आधी पहार लावून माउंटिंग बघायला हवं होतं, ते दहा मिनिटांचं आणि फुकटचं काम होतं. इंजिन दोन सिलिंडरचं आहे हे माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं की मीही दोष इंजिनातच शोधत बसलो. ज्या चुकीबद्दल मी बाकीच्या तिघांना नावं ठेवत होतो, ती मीही केली.

दुसरी, गाडी उभी ठेवण्याबद्दल. आजारपणात कोणाला सुचत नाही हे खरं, पण पंधरा दिवसांतून एकदा कोणा शेजाऱ्याने वीस मिनिटं गाडी फिरवली असती तर बॅटरी, उंदीर आणि ब्रेक हे तिन्ही खर्च वाचले असते. मागे इंजिन असलेल्या गाडीला तर हे जास्तच लागू आहे, कारण पुढचं बॉनेट उघडून बघणाऱ्याला मागे काय चाललंय ते दिसतच नाही.

तिसरी, स्टेपनी. अशा गाडीत स्टेपनी मागे लावली तर तेवढ्यापुरती, सावकाश चालवत थेट पंक्चरवाल्याकडे जायचं. हे मालकाला ठाऊक असतं, पण चाक बदलणाऱ्याला नसतं. बाईंनी आता बॉनेटच्या आतल्या बाजूला मराठीत कागद चिकटवला आहे: पुढे १३५, मागे १५५, बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली, इंजिन मागे. अक्षर फळ्यावरचंच, मोठं आणि सरळ. हा कागद पंधरा वर्षांपूर्वी कंपनीने लावायला हवा होता असं मला फार वाटतं. नेहमीपेक्षा वेगळी वस्तू बनवणाऱ्याने ती हाताळणाऱ्याला वेगळेपण सांगितलं नाही, तर ती वस्तू बिघडवली जाते आणि मग दोषही तिलाच लागतो.

चौथ्या गोष्टीबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. नात गाडीत बसणार नाही हा नियम बरोबर आहे. मग बाईंनी तरी बसावं का? वेग कमी, अंतर कमी, पट्टा लावलेला, चालकाचा तीस वर्षांचा हात, हे सगळं धरूनही मी तेव्हा थोडा जास्त आग्रही होतो का, असं मला वाटतं. कॉमेटचा पर्याय कमिटीपुढे आणखी नेटाने लावून धरता आला असता. चार्जरच्या परवानगीसाठी एकच अर्ज केला, नकार आला आणि आम्ही थांबलो.

पुढची तपासणी डिसेंबर २०२६ मध्ये ठरली आहे. ब्रेक, माउंटिंग, खालचा गंज आणि वायरिंग पुन्हा पाहायचं. बाईंनी गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरवलं किंवा इमारत रिकामी करायची नोटीस आली, तर त्याआधीच सगळे पर्याय पुन्हा मांडायचे. त्यासाठी वहीतलं एक पान कोरं ठेवलं आहे. भाड्याच्या नव्या घराची पार्किंगची जागा मोजल्याशिवाय त्यावर काही लिहायचं नाही, असं बाईंनी सांगितलं आहे. टेप गाडीतच ठेवलाय, बॉनेटखाली, स्टेपनीच्या शेजारी.